आधी घेतलंय का?

"आधी कधी हे रंगाचं इंजेक्शन घेतलंय का?" सईनं विचारलं दिग्विजयला, पण उत्तर दिलं त्याच्या आईनं. लेक चाळिशीचा झाला तरी त्याच्या वतीनं बोलायचा हक्क कुशाबाईंनी सोडला नव्हता.

"घेतलंय की. पुण्यात. धाकट्याला किडनी द्यायची हुती, तवा ह्योच गेल्ता तपासायला."

बारामतीच्या त्या सेंटरात सई सीटी स्कॅन काढायची. पहिलीच वेळ असली की तिथं आधी थोडंसं औषध टोचून वाट बघायचे, मगच पुढचं. एखाद्याला हे औषध चालत नाही, श्वास कोंडतो, क्वचित जिवावरही बेततं, तेव्हा खरं काय ते सांगा, असं तिनं दिग्विजयला पुन्हा बजावलं. पोटदुखीनं हैराण झालेला दिग्विजय आईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "घेतलंय. काय झालं न्हाय."

म्हणजे टोचून बघणं वाचलं, आणि पुढचं समजावून सांगणंही. सईनं त्याला मशीनवर झोपवलं, सुईला नळी जोडली आणि ती बाहेर काचेमागं येऊन बसली. कुशाबाई शेजारी उभ्या राहिल्या. उभ्या राहिल्या म्हणजे बोलू लागल्या. अजित त्यांचा धाकटा. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा कुशाबाई स्वतःची द्यायला निघाल्या, पण त्यांची साखर आड आली. मग थोरला पुण्याला जाऊन आला, तर स्कॅनमध्ये त्याचीच एक किडनी बारकी निघाली. अजित गेला. तेव्हापासून कुशाबाई थोरल्याला खताचं पोतं उचलू देत नव्हत्या, त्याची भाजी वेगळी, अळणी करत होत्या. एक गेला, दुसरा तरी राहावा, एवढंच त्या माउलीचं मागणं. रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे, घाबरू नका, असं सांगून सईनं बटण दाबलं.

हे औषध शिरलं की अंगभर गरम लाट जाते. सगळ्यांनाच होतं ते, आणि घटकाभरात ओसरतं. नवख्या माणसाला सई ते आधीच सांगून ठेवते. दिग्विजयला कुणीच सांगितलं नव्हतं.

स्पीकरमधून तो ओरडायला लागला. "थांबवा. अंगाची आग आग होतीया. मी मरतोय. ह्ये कधी घेतलंच न्हाय मी. पुण्याला गेलोच न्हवतो, निम्म्या वाटेतनं, भिगवणवरनंच माघारी आलो हुतो. आई, थांबवायला सांग त्यांना."

'कधी घेतलंच न्हाय' एवढं कानावर पडताच सई आत धावली. नाडी बघितली, छातीला स्टेथोस्कोप लावला, अंगावर पुरळ उठलंय का पाहिलं. कशाचाच पत्ता नव्हता. लाट ओसरली होती. दिग्विजय घामाघूम झाला होता, पण स्कॅन पार पडला.

सई काचेमागं आली तेव्हा कुशाबाईंच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. लेकाच्या काळजीनं असेल, असं तिला वाटलं. त्यांना काही झालेलं नाही मावशी, असं ती दोनदा म्हणाली. कुशाबाईंना ते ऐकूच गेलं नाही. त्या पडद्याकडे बघत होत्या. माणूस घाबरला की वाटेल ते बरळतो. किडनी बारकी असली म्हणजे झालं. असली तर पुणंही खरं, सगळंच खरं. लेकाची किडनी बारकी निघू दे, असं ती आई देवाला विनवत होती.

"बाई, बारकी कुठली ह्यातली?"

सईनं पडद्यावर निरखून पाहिलं. औषधानं दोन्ही किडन्या लख्ख उजळल्या होत्या. चांगली बातमी द्यायची संधी रोज कुठं मिळते? ती हसली.

"बारकी एकही नाही, मावशी. दोन्ही सारख्याच आहेत. कोण म्हणालं तुम्हाला बारकी आहे?"

कुशाबाईंनी पडद्याकडे पाठ केली. तेवढ्यात दिग्विजय मनगटावरचा कापूस दाबत बाहेर आला. ओरडल्याची त्याला आता लाज वाटत होती. आईच्या नजरेला नजर न देता त्यानं विचारलं, "काय निघालं?"

"दोन किडन्या," कुशाबाई म्हणाल्या. "दोन्ही चांगल्या."