भिंतीवरचे दात

दंतवैद्याच्या भिंतीवर दोन फोटो होते, ‘आधी’ आणि ‘नंतर’. ‘आधी’मधलं हसू माझंच होतं. पुढचा तुटका दात, ओठावरचा तीळ; बहिणीच्या लग्नातला फोटो मीच नेटवर टाकला होता. ‘नंतर’मध्ये दात अख्खा. कॉम्प्युटरवर बसवलेला, कारण या दवाखान्याची पायरी मी आजच चढले होते. माझ्या तोंडाला मास्क होता, त्यामुळे पुढचा दात तुटलाय एवढं सांगताच डॉक्टरमहाशय बोलत सुटलेच. “पुढचा दात ना? या बाईंसारखा करून देतो, तीन सिटिंगमध्ये. अजून दुवा देतात.” “फोटो लावण्याआधी त्यांना विचारलंत?” “विचारायचं काय, त्यांनीच हौसेनं दिला.” मी मास्क काढला आणि फोटोतल्यासारखीच तोंडभर हसले. नर्सबाईंनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि त्यांना खोकला आला. “अहो, नेटवरचं सगळ्यांचंच असतं,” महाशय पुटपुटले. “मग भिंतीवरचंही सगळ्यांचंच,” म्हणत मी फ्रेम काखोटीला मारली आणि तुटक्या दातानिशी घरी आले.