मिठागरातला फोटो

डार्करूममध्ये दोन ओले फोटो टांगले होते. दोन्हींत मिठागर लख्ख, आईचा चेहरा मात्र कोळसा.

"सेकंद, रसायन, सगळं मापात आहे," स्टुडिओवाले काका म्हणाले. "आता हा शेवटचा कागद."

"आईचा एवढाच फोटो आहे हो," मी म्हणाले.

"मापं तुमचीच राहू द्या," शेजारी उभ्या त्यांच्या बायकोनं, काकूंनी, त्यांना सांगितलं. "तोंडावर प्रकाश जास्त होतोय. कागदही उन्हात काळवंडतो, माणसासारखा."

फोटो मोठा करायच्या यंत्राचा दिवा लागला, खालच्या कागदावर आईचं चित्र पडलं. काका सेकंद मोजू लागले. काकूंनी प्रकाशाच्या वाटेत हात धरला. बोटांची सावली आईच्या चेहऱ्यावर अलगद हलत राहिली.

रसायनाच्या ट्रेमध्ये बुडवलेल्या कागदावर लुगडं उमटलं.

मग कपाळ.

मग हसू.

"हे काही मोजता यायचं नाही बुवा," काका म्हणाले.

"काकू, ती जन्मभर उन्हात राबली," मी म्हणाले. "तिच्या तोंडावर सावली धरणाऱ्या तुम्हीच पहिल्या."