नववी हिरवळ

१९७४ साली यादी सातव्यांदा निघणार होती, आणि त्या वर्षी भावाला तिच्यात निदान दहावा नंबर तरी हवाच होता.

यादी वर्तमानपत्राची, गुपचूप फिरून गुण देणाऱ्या एका परीक्षकाने ठरवलेली. प्रांतातली दहा उत्तम सार्वजनिक गोल्फ मैदानं. बड्या क्लबांना तिच्यात जागा नव्हती. तिकीट काढून कुणालाही खेळता येईल अशीच मैदानं ती घ्यायची. भाऊ अशाच एका नऊ होलांच्या मैदानाचा माळी होता. त्याच्याआधी तिथे त्याचे वडील माळी होते. आता नगरपालिकेला त्या जागेवर बसडेपो करायचा होता. अध्यक्षांनी सांगून टाकलं होतं, "यंदा यादीत आलात तर मैदान राहील. नाहीतर डिसेंबरात कुंपण काढू."

"ताई, तू त्या वर्तमानपत्राच्याच कचेरीत टाइप करतेस," भाऊ चहा ढवळत म्हणाला. "तो परीक्षक कोण, एवढं तरी कळू दे की."

"मला कोण सांगतंय? मी आपली टाइपरायटर बडवणारी."

"जाड भिंगांचा चष्मा असणार त्याला," भावजय म्हणाली. "आणि हे एवढं पोट."

"पोट असो नाहीतर नसो, गवत कळतं त्याला." भावाने भिंतीवरचं गेल्या वर्षीचं कात्रण काढून मोठ्याने वाचलं. "'हिरवळ डोळ्यांनी बघू नये, तळव्यांनी बघावी.' बाबाच बोलतायत असं वाटतं, नाही?"

ताईने बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून तळाशी गेलं.

परीक्षक तीच होती. हे एकट्या संपादकांना ठाऊक होतं. नवरा गेला तेव्हा दोन्ही मुली लहान होत्या आणि टायपिस्टच्या पगारात भागत नव्हतं, म्हणून त्यांनी हे काम दिलं होतं. गोल्फ खेळणाऱ्या साहेबाला सगळे ओळखतील. चपला हातात घेऊन फिरणाऱ्या बाईकडे कोण बघतंय? ती बसने चाळीस मैदानं फिरायची, प्रत्येक होलभोवतीच्या हिरवळीवर अनवाणी चालायची आणि परतीच्या प्रवासात गुण मांडायची. भाऊ माळी आहे, हे मात्र तिने संपादकांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर काम गेलं असतं. त्याच्या मैदानाला तिने कधी अर्धा गुणही जास्त दिला नव्हता. गेल्या वर्षी ते चौदावं होतं.

यंदा भावाने जीव ओतला होता. तिसऱ्या होलजवळचं साचणारं पाणी त्याने चर खणून काढून दिलं होतं. खेळातले वाळूचे खड्डे चाळलेल्या वाळूने भरले होते. पहाटे पाचला तो कापणीचं यंत्र बाहेर काढायचा. वीस वर्षांत त्याने एकाही सकाळी खाडा केला नव्हता. लग्नाच्या दिवशीसुद्धा आधी हिरवळी कापल्या आणि मग आंघोळीला गेला, म्हणून भावजय अजून चिडवायची.

निघता निघता ताईने मनात सलत होतं ते हसण्यावारी नेऊन सांगितलं.

"कचेरीत निनावी पत्र आलंय. परीक्षकाचा कुणी नातेवाईक म्हणे एका मैदानावर कामाला आहे. संपादक भडकलेत. यादीत आलेल्या प्रत्येक मैदानाची चौकशी करणार, आणि खरं निघालं तर परीक्षकाचं नाव छापून त्याला हाकलणार."

भाऊ कपबश्या विसळत होता. "घरी मुलंबाळं असतील बिचाऱ्याच्या," तो म्हणाला.

"असतील."

दर वर्षी यादी निघायच्या आधीच्या रविवारी ती मुलींना घेऊन भावाकडे, मैदानालगतच्या त्याच्या घरी जायची. याही वर्षी गेली. मुली आत्यासारख्या दिसतात की मामासारख्या, यावर भावजयीने नेहमीचा वाद घातला. भाऊ दिसला नाही. ताई चपला काढून चालायला लागली.

आठ हिरवळी तिने इतक्या सुंदर कुठेच पाहिल्या नव्हत्या. गार, दाट, सारख्या. बाबा असते तर खाली बसून हात फिरवला असता त्यांनी. सहावं येणार, फार तर सातवं, असा तिने हिशेब केला.

नवव्या हिरवळीवर तळव्यांना गवत टोचलं. दोन दिवसांचं तरी वाढलं होतं.

"हे कापलं नाहीस?" तिने शेडजवळ भावाला गाठून विचारलं.

"पातं बोथट झालंय गं. राहूनच गेलं." तो तिच्याकडे न बघता पाइप गुंडाळत होता.

बसमध्ये तिने गुण मांडले. शेवटच्या हिरवळीला दुप्पट गुण असत, तो नियम तिनेच केला होता. बेरीज दोनदा केली. मैदान एका गुणाने अकरावं आलं. मंगळवारी पुन्हा जाऊन बघता आलं असतं. नियमात बसत होतं. ती गेली नाही. त्यात प्रामाणिकपणा किती होता आणि त्या पत्राची भीती किती, हे तिने स्वतःला कधी नीट विचारलं नाही.

यादी निघाली. चौकशीत काही सापडलं नाही. डिसेंबरात कुंपण निघालं.

संपादक पुढे निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. ताईने आणखी सोळा याद्या केल्या. थोरली मुलगी डॉक्टर झाली, धाकटी शिक्षिका. नववं होल होतं तिथे आता बसगाड्या धुतात. भाऊ इस्पितळाच्या बागेत लागला. गुलाबांना पाणी घालण्यापलीकडे काम नव्हतं. बहिणीशी तो कधी वाकडं बोलला नाही, आणि तिला तेच सोसवत नसे. अकरा वर्षांनी तो गेला.

भावजय तेवढी राहिली. पंचाहत्तरी उलटल्यावर एका दुपारी ताईने तिला सगळं सांगितलं. मीच परीक्षक होते. मीच त्याला खाली ठेवलं. एका बोथट पात्यापायी.



"पातं बोथट कुठलं, वन्सं?" भावजय म्हणाली. "आदल्या दिवशीच तर धार लावून आणलं होतं. दोन दिवस आठच हिरवळी कापून यंत्र आत ठेवत होते, म्हणून मी विचारलं. तर म्हणाले, रविवारी ताई तपासायला येणार आहे."