भट्टी होईपर्यंत

गुलाबाच्या कुंड्या उचलून दादानं भिंतीकडेला लावल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत चुन्याच्या फक्कीनं मोठा गोल काढला. कुणाला विचारलं नाही. धाकटा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होता. शेजारी त्याची बायकोही बघत होती; गोलाकडे नाही, नवऱ्याकडे.

"बोला ना काहीतरी."

"काय बोलू?"

"कुंड्या माझ्या आहेत, एवढं तरी."

धाकटा बाहेर गेला. "दादा, हे काय?" याच्या पुढे त्याला जाता आलं नाही.

"पिझ्झाची भट्टी. विटांची, वर घुमट. जन्मभर मनात होतं. पण बदल्यांची नोकरी, भाड्याच्या घरात कोण भट्टी बांधू देतंय? आता रिटायर झालो, मोकळा."

"नाही, पण इथंच? तो कोपरा—"

"तिथं भराव आहे, खचेल. इथं खाली कातळ आहे."

दादाला सगळ्यातलं सगळं कळतं, हे धाकट्याला लहानपणापासून पाठ होतं. तो मुकाट्यानं आत आला.

दादा आला तो एक बॅग घेऊन. किती दिवसांसाठी, ते त्यानं सांगितलं नाही आणि धाकट्यानं विचारलं नाही. हॉलमधल्या सोफ्यावर त्यानं अंथरूण टाकलं, सकाळी उठून सगळ्यांचा चहा केला, घरभर फिरून भिंतीच्या रंगाकडे बघत "कुणी निवडला हा?" असं विचारलं. रंग बायकोनं निवडला होता. त्या दिवसापासून भाऊजींच्या चहात तिला साखर जास्त लागू लागली.

"जाऊबाईंनी घराबाहेर काढलंय, दुसरं काही नाही," ती रात्री म्हणाली.

"वहिनी मागची आवराआवर करतेय म्हणाला."

"आवरत असतील. सुरुवात यांच्यापासून केली. अहो, पण दुसऱ्याकडे किती राहावं याला काही सुमार? माणसाला आपणहून कळायला नको?"

"नको का," धाकटा म्हणाला आणि कुशीवर वळला.

विषय काढायचं त्याच्या जिवावर आलं होतं. एकदा काढला की तो आपल्या हातात राहणार नाही, असं त्याला वाटे. पण बायको रोज टेबलाखालून पाय मारायला लागली तेव्हा नाइलाज झाला.

"दादा, मग पुढचं काय ठरवलंयस?"

दादानं घास संपवला. पाणी प्यायला. "भट्टी होऊ दे. मग बोलू."

एवढंच. पण बायकोला तेवढं पुरलं. "म्हणजे भट्टी झाल्याशिवाय हे हलत नाहीत. मग लावा हात! बघत काय बसलाय?"

धाकट्यानं ऑफिसात रजा टाकली. विटा वाहिल्या, माल कालवला. जमिनीपासून कमरेएवढा ओटा झाला, त्यावर भट्टीची जमीन झाली. त्या जमिनीवर दादानं ओल्या वाळूचा टेकाडासारखा ढीग थापून घेतला, त्याला ओले कागद चिकटवले आणि ढिगाच्या अंगानं अर्ध्या विटांची कडी रचायला सुरुवात केली. एक कडं, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान.

"सांधा भर नीट. घाई नको. आपल्याला कुठं जायचंय?"

धाकट्यानं त्याच सांध्यात दुसऱ्यांदा माल भरला.

माथ्यावरची शेवटची वीट बसली. सांधे पक्के धरेपर्यंत आतली वाळू काढायची नाही, असं बजावून दादा दाढी करायला गेला.

"वाळलंय की चांगलं," बायको खिडकीतून म्हणाली. "आणखी कशाला लांबण लावायची? काढा ती वाळू."

धाकट्यानं ओट्यावर ओणवून भट्टीच्या तोंडातून हात घातला आणि वाळू उपसायला लागला. बराच वेळ काही झालं नाही. मग घुमटानं उसासा टाकला आणि तो खाली बसला.

दादा गुळगुळीत चेहऱ्यानं परतला तेव्हा धाकटा विटकरी रंगाचा होऊन उभा होता. दादा रागावला नाही, हे जास्त वाईट झालं. त्यानं भावाच्या डोक्यावरची धूळ झटकली.

"होतं असं. पुन्हा बांधू."

खिडकी धाडकन बंद झाली.

दुसऱ्या घुमटाला कुणीच घाई केली नाही. वाळू निघाली, घुमट उभा राहिला. पण लगेच रसरशीत जाळ केला तर ओल अडकून तडे जातात म्हणे. म्हणून मग रोज जरा जरा आग. धाकटा काड्या सारत बसे. दादाशी बोलायचं म्हणून तोंड उघडी आणि फुंकर मारून मिटी.

बायको मात्र निवळत चालली. "काही म्हणा, जाताना भट्टी काही उचलून नेणार नाहीत. आपल्यालाच राहील ती." तिनं बहिणीला फोन करून पिझ्झा खायला बोलावूनही टाकलं.

शेवटी एका रविवारी पहिला पिझ्झा आत गेला आणि बघता बघता फुगून बाहेर आला. कडेला जरा करपला होता. धाकट्याची मुलगी कॉलेजातून आलेली, तिनं उभ्याउभ्याच दोन तुकडे उडवले. "काका, एक नंबर!"

"बरा झालाय," बायको म्हणाली आणि नवऱ्याच्या पायावर पाय दिला.

"दादा," धाकटा म्हणाला, "झाली भट्टी."

"झाली."

"मग ते... बोलायचं होतं ना आपल्याला."

दादानं पंच्याला हात पुसले.

"मलाच जिवावर आलं होतं रे. दोन हात एकत्र राबले की बोलायला सोपं जाईल असं वाटलं, ते काही गेलं नाही. तुझ्या वहिनीचा ट्रक येत्या शुक्रवारी सामान घेऊन येतोय. तुम्हाला भाड्यानं जागा मिळेपर्यंत म्हणून मी या घराची किल्ली दिली, तेव्हा तुमची ही पोर रांगत होती."