बोमीचा डबा

प्रवेशपरीक्षेच्या मधल्या सुट्टीत बोमीनं डबा उघडला आणि ती चक्रावलीच. आत समुद्रशेवाळाचं सूप! परीक्षेच्या दिवशी हे बुळबुळीत सूप प्यायलं की माणूस घसरून नापास होतो, हे कोरियात शेंबड्या पोरालाही ठाऊक. आईनं असं का केलं? विसरली? छे, महिनाभर घरात शेवाळाचं नावसुद्धा काढू न देणारी बाई ती! शेजारच्या मुली खुर्च्या ओढत लांब सरकल्या. "अगं, झाकण लाव आधी!" येरिम मात्र जागची हलली नाही. क्लासात दोघींची पहिल्या नंबरासाठी चुरस. दोन वर्षांत कधी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. येरिम डब्यात डोकावली. "आज तुझा वाढदिवस का गं?" बोमीनं तारीख आठवली. खरंच की! वाढदिवसाला हेच सूप करतात. आई नव्हे, तीच विसरली होती. येरिमनं चमचा बुडवला. "घसरशील!" "मग तू एकटीच घसरणार होतीस?"