तगरवाडीची लाइन

अठरा मिनिटांचं काम सतराव्या मिनिटाला तुटलं. संगप्पाच्या खताच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर अक्षरं थबकली, मग नुसताच कचरा उमटला आणि मोडेमचा दिवा विझला. संगप्पानं फोनचा रिसीव्हर उचलून समोर धरला. आतून बाईचा आवाज येत होता, "हॅलो! कोण बोलायलंय? बोला की!"

"ऐकलं का मॅडम?" संगप्पानं रिसीव्हर आदळला. "रोजचंच हाय हे."

शबाना तेच पाहायला सकाळच्या एसटीनं लातूरहून आली होती. तिथल्या एका क्लासमध्ये ती कॉम्प्युटर शिकवायची. घरी तिनं एका कॉम्प्युटरला फोनची लाइन जोडून निरोपांचा फलक चालवला होता. ज्याच्याकडे मोडेम असेल त्यानं तिथं फोन लावावा, इतरांचे निरोप वाचावेत, आपले टाकावेत, हवं ते उतरवून घ्यावं. या मंडळींसाठी ती 'जोडणी' नावाचं सोळा पानी मासिक काढायची. लिहायची तीच, टाइप करायची तीच, टाके मारून पोस्टात टाकायचीही तीच. मोडेमला आज्ञा कशा द्यायच्या हे त्यात सोप्या मराठीत असे आणि कुणाची लाइन कुठं अडते तेही असे. नांदेड, उदगीर, पार बिलोलीपर्यंत त्रेसष्ट जण ते वाचायचे.

तगरवाडीत चार सभासद होते, पण दुकानात रोज पंधरा मुलं जमायची. लातूरच्या क्लासला जाणं त्यांना परवडणारं नव्हतं. शबाना फलकावर बारावीचे सराव-पेपर टाकायची, ते इथं उतरवून संगप्पाची लेक मंजुषा सगळ्यांना वाटायची. परीक्षेला पाच आठवडे उरले होते. गावात मात्र अजून जुनं एक्सचेंज होतं. ऑपरेटर बाई नंबर जोडून द्यायची आणि मध्येच लाइनवर येऊन बोलायची. माणसाचा आवाज मिसळला की मोडेम गोंधळायचा आणि सगळं पहिल्यापासून.

या बाईला इथून हलवा, अशी तक्रार चौघांनी सह्या करून दिली होती. ती 'जोडणी'च्या पहिल्या पानावर छापायची आणि एक प्रत वरच्या ऑफिसला धाडायची, असं ठरलं होतं. कागद शबानाच्या पिशवीत होता. पण ज्याच्याविरुद्ध छापायचं त्याला आधी भेटायचं, ही तिची रीत होती. ती एक्सचेंजकडे चालू लागली.

मल्लम्मा बोर्डासमोर बसली होती. कपाळावर विभूती, कानाला हेडफोन, पदर खोचलेला. पेन्शनला आठ महिने राहिले होते. एका हातानं उदगीर जोडत, दुसऱ्या हातानं निलंगा सोडवत तिनं शबानाला स्टूल दाखवलं. नंबर ती कुठंच बघत नव्हती. सगळं गाव तिच्या बोटांत होतं.

"आक्का, आत्ता संगप्पाची लाइन तुम्ही तोडलीत?"

"तोडली न्हाई. विचारलं. आत कोणी बोलंना, नुस्ती खरखर."

"ती खरखर म्हणजेच बोलणं असतं. दोन मशीन बोलतात. सांगितलं असेल ना त्यांनी?"

"सांगितलं. म्हणले, मशीन हाय, तू मधी तोंड घालू नको." मल्लम्मानं एक वायर हातात धरली आणि तशीच ठेवली. "पर पोरी, कोणती खरखर मशीनची अन् कोणती..."

ती थांबली. शबानानं कागद पुढं केला. मल्लम्मानं तो शेवटच्या सहीपर्यंत वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"छाप. खोटं काहीच न्हाई त्यात."

शबाना उठली नाही. "कोणती खरखर, आक्का?"

मल्लम्मानं नजर बोर्डावरच ठेवली. मग म्हणाली, "भूकंपाच्या पहाटी मी इथंच होते. जमीन हलली, लाइट गेली. बोर्ड बॅटरीवर चालू होता. सगळ्यात आधी एकच लाइन आली. किल्लारीकडच्या एका वस्तीवरली. मी तीन डाव हॅलो म्हणलं. नुस्ती खरखर. वाटलं लाइन खराब हाय. मी प्लग काढला."

बोर्डावर खटका पडला. तिनं नंबर विचारला, जोडून दिला, हेडफोन सारखा केला.

"पडत्या भिंतीनं तार ओढली असंल. माणूस बी असंल. ते घरच राहिलं न्हाई, विचारू कोणाला? तवापासून खरखर आली की मी विचारते. कोणी माणूस बोलेस्तोवर मला सोडवत न्हाई."

शबानानं मल्लम्माच्या हातावर हात ठेवला. तेवढ्यात पुन्हा खटका पडला आणि तो हात कामाला लागला.

त्या महिन्याची 'जोडणी' चार दिवस उशिरा निघाली. संगप्पानं अंक उघडला, पहिलं पान वाचलं आणि दुकान मंजुषावर सोडून सरळ एक्सचेंजवर गेला. तिथं तो मल्लम्माला काय म्हणाला ते कुणाला कळलं नाही. पण त्यानंतर तगरवाडीची लाइन एकदाही मध्येच तुटली नाही. परीक्षेपर्यंत मुलांनी सगळे पेपर उतरवून घेतले.

पहिल्या पानावर तक्रार नव्हती. चौकटीत तगरवाडीच्या सभासदांसाठी एवढंच छापलं होतं : 'नंबर मागताना मल्लम्मा आक्कांना आधी सांगावं, आता खरखर येईल, पण आम्ही सगळे सुखरूप आहोत; आणि काम झालं की पुन्हा एकदा सांगावं.'