वर्तन अनैसर्गिक

वेबसाइटच्या फायरवॉलनं आणखी एकाला बाहेर हाकललं, तेव्हा प्रियंका आर्णी गावातल्या आपल्या घरी लॅपटॉपसमोर चहा पीत होती. कारण नेहमीसारखं गंभीर होतं : 'वर्तन अनैसर्गिक. बहुधा यंत्र.'

बौद्ध वधू-वरांची ही वेबसाइट ती एकटीच चालवायची. खोट्या स्थळांचा सुळसुळाट झाला, म्हणून तिनं क्लाउडवरची फायरवॉल घेतली. ही राखणदारीण येणाऱ्याजाणाऱ्यांना बघून बघून स्वतःच शिकायची, माणूस कसा वागतो आणि यंत्र कसं. शिकायला तिला मिळाले मुलांचे बाप, मामा आणि थोरले जावई. ते फोटो बघत, नोकरी बघत, शेती बघत आणि श्वास न घेता पुढच्या मुलीवर जात. फायरवॉलनं मनाशी पक्कं केलं, माणूस म्हणतात तो हाच.

प्रियंकाचंही पान तिथं होतं. त्याला कोणी पुसत नव्हतं.

"रविवारी महागावचे पाहुणे येऊन राह्यले," आई, मथुराबाई, आतून म्हणाली. "आता नाही म्हणशील, तर त्या मशीनमधूनच नवरा काढ."

महागावच्या मुलानं फोनवर एकच प्रश्न विचारला होता : वजन किती? पण दुसरं स्थळच नव्हतं. नाही म्हणायचं ते कोणाच्या जोरावर?

तेवढ्यात फोन वाजला.

"जयभीम म्याडम. मी संघदीप, बाभुळगावहून. तुमच्या साइटनं मले बाहेर काढलं, आता आत येऊच देऊन नाही राह्यली. रोबोट म्हणते."

"आत काय करत होते तुम्ही?"

"काही नाही जी. एक पान वाचत होतो. रोजच वाचतो. आज पार छंदापर्यंत गेलतो."

प्रियंकाचा कप हातातच राहिला. छंदांचा रकाना अगदी तळाशी होता. तिथवर आजपर्यंत कोणीच उतरलं नव्हतं. त्याच भरवशावर तिनं आपल्या पानावर खरं लिहून टाकलं होतं : 'बघायला आलेल्या मुलाच्या मामाला उलट प्रश्न विचारणे.'

"मले फक्त एक इचाराचं होतं," संघदीप चाचरत म्हणाला. "मंग मामानं काय उत्तर देल्लं?"

प्रियंका इतकी हसली की मथुराबाई पदराला हात पुसत बाहेर आली.

"आई, महागावले नाही म्हणून सांग."

मग तिनं लॅपटॉप पुढं ओढला. फायरवॉलशी वाद घातला नाही. आपल्या पानापुरता फक्त एक नियम लिहिला : हे यंत्र आत सोडावं, माणसांना मनाई.